आधी जागा, मग नकाशा

बाळा, बिदरमध्ये हॉस्पिटल बांधायचं मनावर घेतलंस, फार चांगलं केलंस. आपल्या भागातली माणसं अजून दुखणं घेऊन सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठतात. पण आर्किटेक्टकडे जाण्याआधी मामाचं ऐक. मोठ्या बांधकामाचा परवाना नकाशापेक्षा जागेपायी जास्त अडतो. जिना हलवता येतो, पार्किंग वाढवता येतं. एकदा पैसे मोजून घेतलेली जागा हलवता येत नाही.

पहिलं काम कागदांचं. नुसत्या चालू पहाणीवर विसंबू नकोस. १९४८ पर्यंत इथं निजामाचा अंमल होता, त्यामुळे जुनं दप्तर उर्दूत आहे. ते वाचणारा जाणकार शोध आणि मागपर्यंतच्या नोंदी समोर बसून वाचून घे. जमीन इनामाची आहे का, वक्फची आहे का, कुळाचा हक्क आहे का, ते बघ. सरकारनं दलित-आदिवासी कुटुंबाला दिलेली जमीन असेल तर कर्नाटकचा १९७८ चा पीटीसीएल कायदा लागतो. आगाऊ परवानगीवाचून झालेली खरेदी रद्द होते आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती जमीन परत मागायला मुदतीची अटही उरलेली नाही. ती त्या घराच्या हक्काची आहे. स्वस्तात मिळते म्हणून तिच्या वाटेला जाऊ नकोस. कागद साफ निघाले की मग एन.ए., म्हणजे बिगरशेतीची परवानगी, लागते का याची जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि मास्टर प्लॅनमध्ये त्या जागेवर हॉस्पिटल बसतं का याची बुडाकडे, म्हणजे बिदर नगरविकास प्राधिकरणाकडे, चौकशी.

आता बिदरची खास गोष्ट. किल्ला, महमूद गवानचा मदरसा, बरीदशाही मकबरे, अष्टूरचे घुमट. यांच्या जवळपासची जागा असेल तर आधी अंतर मोजून घे. लोक वास्तूच्या भिंतीपासून मोजतात, ते चुकीचं. संरक्षित क्षेत्राची हद्द संपते तिथून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद. पुढचे २०० मीटर पुरातत्त्वच्या परवानगीनंच. किल्ल्यापासून सुटलास तरी दुसऱ्या एखाद्या वास्तूच्या हद्दीत येत नाहीस ना, तेही बघ.

दुसरं, हवाई दलाचा तळ. विमानतळाजवळ उंचीची ना-हरकत लागते आणि ती उंची समुद्रसपाटीपासून धरतात. बिदर पठारावर वसलंय, म्हणजे नुसती जमीनच साडेसहाशे मीटरच्या आसपास. त्यावर तुझे मजले, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजरोधकाची सळई, सगळं धरलं जातं. म्हणून सर्व्हेअरकडून जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची नीट काढून घे. किती मजले चढवायचे हे त्यानंतर आर्किटेक्टला सांग.

नौबादकडे जागा बघत असशील तर सुरंग बावीची वाट कुठून जाते ते विचार. बहामनी काळात जांभ्यातून कोरलेला पाण्याचा बोगदा आहे तो, वर ओळीनं विहिरीसारखी तोंडं. कागदावर कुणी अडवलं नाही तरी त्यावर तळघर खणू नकोस. त्या पाण्यावर गाव जगलंय. कलबुर्गीकडे जागा घेतलीस तर काळी माती. तिथं माती-परीक्षणावर पैसे वाचवायचे नाहीत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचा हादरा आपल्या घराच्या भिंतींनीही सोसलाय. स्ट्रक्चरल इंजिनिअर अनुभवीच घे आणि त्याची नुसती सही शेवटी घेऊ नकोस, पहिल्या दिवसापासून त्याला बैठकीत बसव.

बाकी ना-हरकती ठरलेल्या आहेत: अग्निशमन, प्रदूषण मंडळ, सांडपाण्याची सोय. बांधकाम २०,००० चौरस मीटरवर गेलं तर पर्यावरण मंजुरीही, आणि ती हातात येईपर्यंत कुदळ मारायची नाही. अर्ज कन्नडमध्ये लागतील. लिहिणारा माणूस आपला ठेव. तुझं नाव, वडिलांचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र हे खरेदीखतात आहे तसंच प्रत्येक कागदावर उतरू दे. एका अक्षराच्या फरकानं फाईल परत येते. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घे, तारखेसकट.

मंजूर नकाशाची प्रत साइटवर टांगून ठेव आणि मिस्त्रीला स्वतः समजावून सांग. स्लॅबच्या वेळी कुणी म्हणेल, बाजूला दोन फूट वाढवून घेऊ, कोण बघतंय. वाढवू नकोस. आगीचा बंब त्याच दोन फुटांतून आत यायचा असतो, आणि वर झोपलेला पेशंट जिना उतरू शकत नाही. शिवाय सुप्रीम कोर्टानं १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितलंय की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाण्याची जोडणी द्यायची नाही. तेव्हा उद्घाटनाचा मुहूर्त ते प्रमाणपत्र हातात पडल्यावरच काढ.