नवे संगीत आणि ऐकणारा कान

संगीताचा इतिहास आपण गाणाऱ्यांच्या व वाजविणाऱ्यांच्या नावांनी वाचतो. ऐकणाऱ्याचे नाव त्यात सहसा नसते. परंतु कित्येक रचना टिकल्या, त्या कोणीतरी लक्ष देऊन ऐकल्या म्हणूनच. व्यापारी कंपनीच्या आश्रयावाचून, स्वतःच्या बळावर निर्माण केलेल्या संगीतास हल्ली ‘इंडी’ म्हणतात. विजेच्या यंत्रांतून उमटणाऱ्या संगीतास ‘इलेक्ट्रॉनिक’. विद्यार्थ्यांना या दोहोंचे आकर्षण वाटते, तर वडीलधाऱ्यांना बहुधा शंका. म्हणून तीन उदाहरणांच्या आधारे आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत : नवे संगीत ओळखावे कसे ?

पहिले उदाहरण अहमदाबादचे. १९६९ साली तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभी राहिली. तीत मूग नावाचा सिंथेसायझर होता. या यंत्रात तार नाही की पडदा नाही. विजेचा दाब वाढविला की स्वर चढतो, कमी केला की उतरतो. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदी भारतीय कलावंतांनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग करून ध्वनिफिती तयार केल्या. पुढे त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ साली पॉल परगस या ब्रिटनमधील कलावंताच्या हाती त्या लागल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. परंतु गीताबेन २०११ सालीच निवर्तल्या होत्या. आपल्या श्रमांचे चीज झालेले त्यांना पाहता आले नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक तबकडी काढली. साथीला तबला नव्हता; रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती. त्यांपैकी टीबी-३०३ हे यंत्र खर्जाच्या गिटारीची जागा घेण्यासाठी बनविलेले. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानास ती मींडेची आठवण करून देते. रागाशी या यंत्राचे जुळले यात म्हणूनच नवल नाही. तबकडीकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरातून याच यंत्राच्या नादावर उभी असलेली ‘ॲसिड हाउस’ ही शैली तबकडीवर आली आणि जगभर गाजली. २०१० साली चरणजितांची तबकडी पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा पाच वर्षे आधीचे हे काम ऐकून रसिक चकित झाले. त्यानंतर वृद्धापकाळी परदेशांतील रंगमंचांवर तीच रचना वाजविण्याचे भाग्य त्यांना लाभले. २०१५ साली ते वारले.

तिसरे उदाहरण गोव्याचे, आणि आम्हां कोंकणीभाषकांच्या विशेष जिव्हाळ्याचे. शिवोली गावच्या रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ हा गीतसंग्रह चार पट्ट्यांच्या मुद्रणयंत्रावर घरीच तयार केला. गीते त्यांची, वाद्येही त्यांनीच वाजविलेली. कॅसेटी स्कूटरवर घेऊन ते स्वतः गोव्यातील दुकानादुकानांतून हिंडले. येथे ऐकणारे शेजारीच होते आणि ते वेळेवर भेटले. म्हणून रेमो यांना दाद मिळण्यासाठी पंचवीस वर्षे थांबावे लागले नाही.

या तिन्ही उदाहरणांचा मथितार्थ एकच. यंत्र जुने होते, शैलीचे नावही बदलते. परंतु निर्मिती आणि श्रवण यांत अंतर पडले की नुकसान कलावंताचे होते, तसेच समाजाचेही होते. ‘प्रसिद्ध झाले की ऐकू’ असे म्हणणारा श्रोता नेहमीच उशिरा पोहोचतो.

मग विद्यार्थ्याने काय करावे ? प्रथम, नवी रचना एकदा ऐकून निकाल देऊ नये. निदान तीनदा ऐकावी. पहिल्या वेळी केवळ लय धरावी, दुसऱ्या वेळी आधारस्वर शोधावा, तिसऱ्या वेळी कोणता नाद परत परत येतो ते पाहावे. चित्रफीत असेल तर एकदा डोळे मिटून ऐकावी, म्हणजे चित्राचा प्रभाव किती आणि सुरांचा किती हे उमगेल. दुसरे, एक वही ठेवून तीत कलावंताचे नाव, स्थळ, तारीख व वाद्ये टिपून ठेवावीत. अहमदाबादच्या फितींची कथा ऐकल्यावर अशा नोंदींचे मोल वेगळे सांगावयास नको. तिसरे, शक्य तेव्हा तिकीट काढून ऐकावे. स्वतंत्र कलावंतास दुसरा आश्रयदाता नसतो.

यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या चिक्कडपल्लीतच त्यागराय गानसभेचे सभागृह आहे. तेथे गायन, नृत्य व नाट्य यांचे कार्यक्रम होत आले आहेत. बंजारा हिल्सवर २०१० साली सुरू झालेल्या लामकानने नवोदित कलावंतांना खुला मंच दिला. तेलुगू, उर्दू, मराठी, कोंकणी अशा अनेक भाषा ज्या वस्तीत एका रस्त्यावर ऐकू येतात, तेथील मुलांचे कान मुळातच तयार असतात. उद्याचा एखादा चरणजित आपल्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर, यंत्राशी झटत बसलेला असेल. त्याच्या दारावर थाप मारून, ‘पुन्हा एकदा वाजवून दाखवा’ असे म्हणणारा पहिला श्रोता आपल्या विद्यार्थ्यांतून निघावा, एवढीच आमची इच्छा आहे.