खोटा इशारा, खरा धोका

जिल्ह्याचे मुख्य कार्यालय व तालुक्याचे कार्यालय यांचे संगणक व्हीपीएनच्या गुप्त मार्गाने जोडले, की दोन्ही टोकांना फायरवॉल हे यंत्र पहारा देते. परंतु कित्येकदा हा पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून ‘हल्ला होत आहे’ असा इशारा देतो. असे इशारे रोजचेच झाले, म्हणजे कर्मचारी त्यांकडे दुर्लक्ष करतात आणि खरा लांडगा येतो त्या दिवशी फसगत होते.

कारणे कोणती?

माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो. कोणता पत्ता कोणत्या दिशेने यावा, याची नोंद फायरवॉलजवळ असते. दोन्ही कार्यालयांत १९२.१६८.१ ही एकच पत्तामालिका असेल, तर तालुक्याहून आलेले पाकीट मुख्य कार्यालयातीलच पत्ता सांगते आणि तोतया ठरते. तालुक्याने नवी मालिका सुरू केली, पण मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये तिची नोंद केली नाही, तरी हेच घडते.

आयपीसेक पद्धतीच्या व्हीपीएनमध्ये प्रत्येक पाकिटाला चढता क्रमांक असतो. जुनेच पाकीट कोणी पुन्हा पाठवू नये, म्हणून बहुधा ६४ क्रमांकांपर्यंतचीच मागेपुढे चालते. मार्गावर गर्दी झाली, की उशिरा पोहोचलेले निरुपद्रवी पाकीटही नाकारले जाते.

उपाय कसा करावा?

प्रथम इशाऱ्यातील पत्ता, वेळ व दिशा टिपून घ्यावी आणि त्याच क्षणाची दुसऱ्या टोकाची नोंद पाहावी. त्यासाठी दोन्ही घड्याळे जुळलेली हवीत. पाकीट तेथून निघालेच नसेल, तर इशारा खरा समजावा. निघाले असेल, तर तो संगणक निर्धोक असल्याची खात्री करून मगच रचनेतील दोष शोधावा. एका कार्यालयाची मालिका बदलावी, राहिलेली नोंद पूर्ण करावी किंवा क्रमांकांची मर्यादा वाढवावी. सवलत द्यावीच लागली, तर ती एकाच पत्त्यापुरती द्यावी. सर्व इशारे बंद करणे हा उपाय नव्हे.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावयाच्या असून नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. खोट्या इशाऱ्यांच्या ढिगात खरा इशारा हरवला, तर हे ६ तास मोजण्यास प्रारंभच होत नाही. म्हणून खोट्या इशाऱ्याचे कारण वेळीच शोधणे हे सुरक्षिततेचेच काम होय.