शाडू सावलीत वाळतो

गंगावेश, कोल्हापूर

चि. बाळूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल सूनबाई येऊन गेली, तिच्याकडून सगळं कळलं. तू झोपेच्या गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा पंचगंगेत टाकल्यास. तिसऱ्या रात्री घामानं गादी भिजली आणि हात इतके थरथरले की मूर्तीच्या डोळ्यांना ब्रश टेकवता येईना. मग पहाटे जाऊन नवी स्ट्रिप आणलीस. आता म्हणतोस, मी नशेबाज झालो, माझ्यात दमच नाही. समोर बसलं की तू मान खाली घालतोस, म्हणून लिहिते.

सोडायचं ठरवलंस यात काही वावगं नाही. एका दिवसात सोडलंस, ते चुकलं, आणि ते जिवावर बेतलं असतं.

ऑगस्ट २०१९ मी विसरलेली नाही. गणपती तीन-चार आठवड्यांवर आले होते आणि कुंभार गल्लीत महापुराचं पाणी शिरलं. वर्षाची मेहनत चिखलात विरघळताना तू माडीवरून बघितलीस. झोप उडाली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिली, पाव मिलिग्रॅम, रात्री एक, पंधरा दिवस. त्यांचं बरोबरच होतं. अशा गोळ्या दोन ते चार आठवडे घेण्यासाठीच असतात. पंधरा दिवस संपले, पण तीच चिठ्ठी दाखवून तू वर्षानुवर्षं गोळ्या घेत राहिलास. पावाची अर्धी झाली, अर्ध्याची एक, आणि आता दुपारचीही लागते.

हे कसं होतं ते समजून घे, म्हणजे स्वतःला शिव्या देणं थांबेल. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते मज्जापेशींना शांत ठेवतं. ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून जोर मिळाला की काही आठवड्यांत मेंदू आपली घडी बदलतो. गाबाला तो पूर्वीसारखं जुमानत नाही आणि जागं ठेवणारी बाजू वर चढते. म्हणून तेवढ्याच गोळीनं झोप येईनाशी होते. गोळी एकदम काढली तर चढलेली बाजू आवरायला कोणी उरत नाही. थरथर, घाम, धडधड, डोळ्याला डोळा न लागणं, हे सगळं त्यातून येतं. काहींना फिट येते, काही भ्रमिष्टासारखे बडबडतात. अल्प्राझोलाम अकरा-बारा तासांत निम्मी उतरते, म्हणून तिचा तडाखा लवकर बसतो. तुला वाटलं जुनी चिंता परत आली. ती गोळी तुटल्याची लक्षणं होती, रे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई बारा वर्षं झोपेची गोळी घेत होत्या, आणि ती माझ्याच हातानं आमच्या औषधांच्या दुकानातून जायची. घरचं माणूस, चिठ्ठी कसली मागायची? एका रात्री गुंगीत बाथरूमला जाताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात गोळीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मला ओळखेनात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणून ओरडायला लागल्या. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं. त्या वाचल्या, पण पुढं स्वतःच्या पायावर कधी नीट चालल्या नाहीत. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

अनिल अवचटांचं ‘गर्द’ मी वाचलं होतं. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ साली अवचट पती-पत्नींनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, त्याचं केवढं कौतुक वाटायचं मला! पण व्यसनी म्हणजे ब्राऊन शुगर ओढणारी पोरं, अशीच माझी समजूत. माझ्या काउंटरवर रोज काय चाललंय ते दिसलं नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू झालं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल अशा औषधांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा आला. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या, सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं. धंद्यातले बरेच जण कुरकुरले. मी मात्र त्या रजिस्टरपुढं बसून रडले, कारण ते आधी असतं तर जाऊबाईंची पानंच्या पानं त्यात भरली असती.

आणि तू काही एकटा नाहीस. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वैद्यकीय कारणाशिवाय झोपेची, गुंगीची औषधं घेणारे सुमारे १ कोटी १८ लाख लोक निघाले. त्यांना दारूसारखा वास येत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाहीत.

आता सोडायचं कसं? मी कुंभार गल्लीतलीच लेक आहे, तुला वेगळं काय सांगू? शाडूची ओली मूर्ती घाईनं उन्हात ठेवली तर काय होतं? वरचा थर आकसतो, आत ओल राहते आणि गळ्यापाशी तडा जातो. सावलीत दमानं वाळवलेली मूर्ती टिकते. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त अशा गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांची रीत हीच होती. लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी हळू उतरणारी डायझेपाम द्यायची आणि मग थोडी थोडी कमी करत न्यायची. आजही डॉक्टर दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्केच कमी करतात. त्रास वाढला तर त्याच पायरीवर थांबतात. तुझ्यासारख्याला बरेच महिने लागतील, कदाचित वर्षही. मधे एखादा महिना वाईट जाईल, तेव्हा मला हाक मार.

नुसती गोळी कमी करून भागत नाही, झोपही नव्यानं शिकावी लागते. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही. आणि पुराचं जे मनात साचलंय ते कुणापुढं तरी बोलायला हवं. तेव्हा तुला गोळी मिळाली, पण ऐकणारं कोणी मिळालं नाही, याची मला फार खंत आहे.

मंगळवारी सकाळी सीपीआर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाऊ. मी केसपेपरच्या रांगेत उभी राहते, तू सावकाश ये. तोपर्यंत रोज जेवढी घेतोस तेवढीच गोळी घे, जास्त नको आणि बंदही नको. दारूचा थेंब नको. पाठीसाठी मित्रानं दिलेली ट्रॅमाडॉल तर मुळीच नको. ती या गोळीबरोबर श्वास मंदावते आणि तिनं फिटही येऊ शकते. फिट आली किंवा भलतंसलतं दिसायला लागलं तर मंगळवारची वाट न बघता तडक कॅज्युअल्टीत जायचं, हे सूनबाईला सांगितलंय. रात्री जीव घाबरला तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

मूर्तींच्या डोळ्यांची आखणी यंदा घरातल्या धाकट्याला करू दे. तू शेजारी बसून त्याला दाखव.

येताना उशीखालच्या, गल्ल्यातल्या, रंगाच्या डब्यांमागच्या, अजून कुठं राहिल्या असतील तेवढ्या स्ट्रिपा आणि ती २०१९ ची चिठ्ठी पिशवीत घालून आण. मी मोजणार नाही. डॉक्टरांना मात्र खरा आकडा सांग, त्यावरच त्यांचं पुढचं गणित आहे.

तुझी,
आत्या