लक्ष उडालेल्या क्षणासाठी

चि. मुग्धा,

पॉवर प्रेसच्या कंट्रोल्सचं काम तुझ्याकडे आल्याचं पत्रातून कळलं. बटणं आणि पेडल यांच्या जागा ठरवताना सुरुवात कुठून करावी, असं तू विचारलं आहेस. मापांच्या तक्त्यांपासून, असं बहुतेक जण सांगतील. मापं लागतीलच, देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक (1997) टेबलावर असू दे आणि परदेशी कॅटलॉगमधली उंची डोळे झाकून उचलू नकोस. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचार: ऑपरेटरचं लक्ष क्षणभर उडालं, तर त्याचा हात किंवा पाय आपोआप काय करेल? आठ तासांच्या शिफ्टमध्ये तो क्षण येणारच, आणि कंट्रोल त्याच क्षणासाठी काढायचा असतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 विमानांचे वैमानिक नीट उतरल्यावर फ्लॅप मिटण्याऐवजी चाकंच मिटून घेत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. दोष वैमानिकाच्या माथी मारला जाई. 1943 मध्ये आल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तेव्हा हे दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि एकसारखे होते. सी-47 विमानात त्यांची रचना निराळी होती आणि तिथे ही चूक होत नव्हती. त्याने चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा बसवला, म्हणजे न बघताही हाताला फरक कळावा. प्रवासी विमानांच्या नियमांत हे आकार आजही आहेत. पुढे 1947 मध्ये फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून सांगितलेले 460 प्रसंग तपासले. त्यांतले जवळजवळ निम्मे एक कंट्रोल समजून दुसराच चालवल्याचे होते. इतकी माणसं एकाच प्रकारे चुकत असतील, तर ती चूक ड्रॉइंगमध्येच शोधायला हवी.

हाताला निदान आकार ओळखता येतो. बुटातल्या, नजरेआडच्या पायाला तेही जमत नाही. त्याला फक्त जागा आणि जोर कळतो. 1980च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 गाड्या आपोआप सुसाट सुटतात, अशी ओरड झाली. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने 1989च्या अहवालात मुख्य कारण दिलं ते पेडलच्या गोंधळाचं. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जातो, आणि आपला पाय ब्रेकवरच आहे या खात्रीने चालक तो आणखी दाबतो. त्यावर उपाय लागू पडला तो ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून हलूच न देणाऱ्या लॉकचा. म्हणून मशीनवर पायाला शक्यतो एकच काम दे. प्रेसवर तर फूटस्विच टाळच. त्यावर दोन्ही हात मोकळे राहतात. वाकडा बसलेला जॉब सरळ करायला हात डायमध्ये जातो आणि ठेक्यात पडलेला पाय नेमका तेव्हाच स्ट्रोक देतो. पेडलवरच्या झाकणाने वरून पडणारी वस्तू अडते, पायाचा ठेका अडत नाही.

त्यापेक्षा दोन हातांची बटणं बरी, पण हिशेबाने. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक सुरू व्हावा आणि एक जरी सुटलं तरी रॅम थांबावा. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिमी धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर बटणं डायपासून किमान 400 मिमी दूर हवीत, आणि बटणांभोवती पुरेसा आडोसा नसेल तर आणखी 250 मिमी. जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर मात्र सुटलेला स्ट्रोक पूर्ण फेरा घेऊनच थांबतो. तिथे बटण सोडून काहीच उपयोग नाही, अंतर त्या फेऱ्याच्या वेळेवरून काढावं लागतं. शिवाय ही बटणं फक्त ती दाबणाऱ्याचे हात राखतात. शेजारी हेल्पर असेल, तर त्याच्यासाठी वेगळी जोडी किंवा गार्ड हवा.

तुला सांगितलं जाईल की नीट ट्रेनिंग दिलं की भागतं. ट्रेनिंग जरूर द्यावं, पण युद्धातले ते वैमानिकही शिकलेलेच होते, आणि कामात मुरलेल्याचे हात तर जास्तच आपोआप चालतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कामगार कंट्रोल बांधून ठेवतात, मग डिझाइन काय करणार? यासाठी ऑस्ट्रेलियातल्या वॉटरफॉलजवळ 31 जानेवारी 2003 रोजी झालेला रेल्वे अपघात अभ्यास. चालकाचा पाय सैल पडला की ब्रेक लागावा, असं तिथलं पेडल होतं. चालकाला हृदयविकाराचा झटका आला, पण त्याच्या निश्चल पायांच्या भारानेच पेडल दाबलेलं राहिलं आणि चालकासह सात जण गेले. काही चालक पेडलला झेंड्याची काठी अडकवत असावेत, अशा खुणाही तशाच इतर गाड्यांत सापडल्या. तासन्‌तास पाय एकाच स्थितीत धरून ठेवणं नकोसं होतं, म्हणून काठी येते. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच: त्या पायाचं नेमकं काय होईल, हे डिझाइनमध्ये धरलेलंच नव्हतं. तुझ्या प्रेसवर बटण चिकटपट्टीने बांधलेलं दिसलं, तर ऑपरेटरवर रागावण्याआधी त्या बटणाची उंची आणि त्याला लागणारा जोर मोज.

राहिला प्रॉडक्शन घटण्याचा मुद्दा. जॉब हाताने धरावा लागत असेल, तर दोन बटणांनी काम थांबेल हे खरं. पण तेव्हा डायमध्ये जॉब जागेवर बसवणारे लोकेटर नाहीत, हेच सिद्ध होतं. ते आधी बसवून घे. आणि पॅनलची जागा ठरवण्याआधी प्रेसचा थांबण्याचा वेळ मोजून मला कळव. अंतराचा हिशेब आपण मिळून करू.

तुझी मावशी