भीतीने रोग थांबत नाही

आरोग्याच्या पानावर या वेळी आम्ही एका निर्णयाची माहिती देत आहोत. हा निर्णय समलिंगी व्यक्तींच्या हक्कांबाबत आहे आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दिला आहे. कायद्याचा हा विषय दवाखान्याच्या पायरीपर्यंत कसा येतो, ते पाहू.

आधी शब्द समजून घेऊ. पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा स्त्रीला स्त्रीबद्दल ओढ वाटते, त्यांना समलिंगी म्हणतात. दोघांबद्दलही ओढ वाटणारे ते उभयलिंगी. जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी अशी नोंद झाली, पण स्वतःची ओळख त्याहून वेगळी आहे, अशी व्यक्ती पारलिंगी. आपल्याकडील तृतीयपंथी यांत मोडतात. आणि ज्यांच्या शरीराची रचनाच जन्मतः स्त्री किंवा पुरुष या ठराविक साच्यात बसत नाही, ते आंतरलिंगी. अशी माणसे प्रत्येक समाजात आहेत, तशी आपल्या वस्तीतही आहेत. बोलत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

टास्मानियाचा खटला

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाचे एक बेटावरचे राज्य. ऑस्ट्रेलियाच्या इतर सर्व राज्यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द केले होते. टास्मानियात मात्र तो कायदा कायम होता आणि दोन प्रौढांनी संमतीने, चार भिंतींच्या आत ठेवलेला संबंधही त्यात गुन्हा होता. तेथील कार्यकर्ते निकोलस टूनन यांनी १९९१ च्या डिसेंबरमध्ये मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. टूनन एड्सविरोधी काम करणाऱ्या संस्थेत होते आणि या तक्रारीपायी त्यांना ती नोकरी गमवावी लागली.

ही समिती १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख ठेवते. ज्या देशांनी त्याचा जोडकरारही मान्य केला आहे, तेथील नागरिक स्वतःच्या सरकारविरुद्ध समितीकडे दाद मागू शकतात. ऑस्ट्रेलियाने तो मान्य केला होता. भारत १९७९ मध्ये मूळ करारात सामील झाला, जोडकरारात नाही. म्हणून आपल्याला थेट तिकडे जाता येत नाही. पण करारातील हक्क पाळण्याचे वचन भारताने दिलेले आहे.

टास्मानिया सरकारचे एक म्हणणे आरोग्याचे होते : एड्सचा फैलाव रोखायला हा कायदा हवा. ३१ मार्च १९९४ रोजी समितीने ते फेटाळले. असा कायदा हा एड्स रोखण्याचा वाजवी उपाय नाही, असे तिने सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनेही समितीपुढे हेच मांडले होते, की अशा कायद्यामुळे धोक्यात असलेली माणसे लपून राहतात आणि आरोग्याचे काम अडते. खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निष्कर्ष समितीने काढला. लिंगावरून भेदभाव करू नये, या कलमात लैंगिक कलही येतो, असेही तिने स्पष्ट केले. पुढे १९९७ मध्ये टास्मानियाने तो कायदा रद्द केला.

हे साधे गणित आहे. तपासणीला गेलो तर नाव कळेल आणि नाव कळले तर पोलीस येतील, असे ज्याला वाटते तो तपासणीला जातच नाही. आजार अंगात वाढत राहतो आणि पुढच्याला लागतो.

आपल्या देशात काय झाले

आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून दंडसंहितेचे कलम ३७७ होते. २००१ मध्ये लखनौला एचआयव्ही रोखण्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक झाली. त्याच वर्षी नाझ फाउंडेशन या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. या कलमामुळे आमचे एचआयव्हीचे काम अडते, असे तिचे म्हणणे होते. सरकारच्याच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने न्यायालयात तेच सांगितले.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीने राहणाऱ्या प्रौढांना या कलमातून मोकळे केले. त्या निकालात टूनन खटल्याचा आधार आहे. ‘समाजाला हे पटत नाही’ या युक्तिवादाला उत्तर देताना न्यायालयाने बाबासाहेबांचे संविधान सभेतील भाषण पुढे ठेवले. संविधानिक नैतिकता आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, हा त्यातला विचार. बहुसंख्यांना काय आवडते यावर कोणाचे हक्क ठरत नाहीत, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संमतीचे प्रौढ संबंध गुन्हा नाहीत असे जाहीर केले. त्याआधी, २०१४ मध्ये, तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मिळाला होता.

घरात काय करावे

कायदा बदलला तरी घरातली भीती आपोआप जात नाही. पोलिसांची भीती गेली, पण बापाच्या हाताची आणि शेजाऱ्यांच्या तोंडाची भीती राहिली, तर मूल तरीही दवाखान्यात जाणार नाही. म्हणून :

१. हा आजार नाही. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. मग औषध कशाचे? बुवा, भगत, मारहाण किंवा घाईने लावलेले लग्न हा इलाज नाही. लग्नाने तर दुसऱ्या घरच्या लेकीचेही आयुष्य पणाला लागते. कल बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचे वागणे हा व्यावसायिक गैरव्यवहार आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे.

२. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि उपचारही मोफत मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि माहिती गुप्त ठेवावी लागते. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

३. मूल गप्प राहते, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलते, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

४. बाळाच्या जननेंद्रियाची रचना वेगळी दिसली तर डॉक्टरांना जरूर दाखवा. काही बाळांना औषधांची गरज असते. पण जिवाला धोका नसताना केवळ रूप बदलण्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नका. तामिळनाडू सरकारने २०१९ मध्ये अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली आहे.

५. एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नळावर किंवा भावकीत जाऊ देऊ नका. कोणी धमकावत असेल, पैसे उकळत असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर सल्ला मिळतो.

महिला मंडळात व युवक मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या जवळच्या दवाखान्यात तृतीयपंथी व्यक्तीला रांगेत कशी वागणूक मिळते? ती सुधारण्यासाठी आपण कोणाशी बोलू शकतो?

२. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीमुळे आपल्या वस्तीत आणखी कोणते आजार लपवले जातात?

३. आपल्या मुलाने किंवा मुलीने उद्या असे काही सांगितले, तर आपले पहिले वाक्य काय असेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच ठरवून ठेवा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ‘तू आमचाच आहेस’, ‘तू आमचीच आहेस’, एवढे म्हटले तरी सुरुवातीला पुरे.