जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

व्यापारी बांधवांनो, लोणावळा, कामशेत, वडगाव येथील आपल्यापैकी काहींच्या दुकानांत मोठ्या कंपन्यांतून निघालेले वर्कस्टेशन आहेत. वर्कस्टेशन म्हणजे डिझाइन, नकाशे अशा जड कामासाठी बनवलेला दणकट संगणक. तो रेंगाळू लागला की नवीन घेण्याचा सल्ला मिळतो आणि काही जण त्यासाठी व्याजाचे कर्जही काढतात. वास्तविक बहुतेक वेळा एक-दोन भागच अडखळत असतात.

प्रथम हिशोब सांभाळा. कुरआनने (सूरह अल-बकरह, आयत २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा दिली आहे. संगणकातील खाते हीच आज आपली वही आहे. एका पावसाळ्यात आम्ही नक्कल न काढताच यंत्र उघडले. जुनी डिस्क पुन्हा चालू झाली नाही. तीन महिन्यांची उधारी आम्हाला पावत्यांवरून नव्याने लिहावी लागली. म्हणून सर्व खात्यांची नक्कल दोन ठिकाणी ठेवा, दुसऱ्या यंत्रावर ती उघडून पाहा आणि मगच पेचकस हाती घ्या.

दुसरे, डिस्क. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी सुमारे ५०० एमबी. पहिला पैसा येथेच खर्च करावा.

तिसरे, रॅम. हिशोब व बिलांसाठी ८ जीबी, डिझाइनसाठी १६ जीबी ठेवावी. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. वर्कस्टेशनमध्ये रजिस्टर्ड व अनबफर्ड अशा दोन जातींची रॅम येते आणि त्या एकत्र चालत नाहीत. खरेदीला जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरत नाही, हेही आधी तपासावे.

चौथे, स्वच्छता. आपल्याकडील पावसाळ्यात दमट हवेने रॅमचे संपर्क काळवंडतात. वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून, लोखंडी सांगाड्याला हात लावून मगच काम करावे. धूळ काढावी, प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट बदलावी. तारीख वारंवार चुकत असेल तर सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी बदलावी. चुकीच्या तारखेचे बिल जीएसटीत डोकेदुखी ठरते.

पाचवे, थांबावे कोठे? प्रोसेसर व पॉवर सप्लायच्या मागे लागू नये. अनेक कंपन्यांचे सप्लाय खास मापाचे असतात, बाजारातील बसत नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते व इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालावे किंवा ते इंटरनेटपासून दूर ठेवून डिझाइनपुरते वापरावे. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.

शेवटी, काढलेली डिस्क तशीच भंगारात देऊ नका. केवळ फाइल्स पुसल्याने माहिती जात नाही. डिस्कवर पूर्ण नवे लेखन करावे, नाहीतर ती फोडावी. ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक व बाकी ही आपल्याकडील अमानत आहे. चालण्याजोगी वस्तू फेकणे हा इसराफ आहे, पण अमानत उघड्यावर टाकणे त्याहून वाईट.