बर्क : डार्लिंगकाठचे गाव

एखादे ठिकाण फार दूर आहे असे सांगायचे असले, की ऑस्ट्रेलियातील लोक म्हणतात, "ते बर्कच्या पलीकडे आहे!" मुलांनो, नकाशात सिडनी शहर शोधा. तेथून वायव्येकडे सुमारे ८०० किलोमीटरवर, डार्लिंग नदीच्या काठी बर्क हे लहानसे गाव आहे. भोवती तांबडी, सपाट जमीन. पाऊस थोडा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्याही वर जातो.

अशा ठिकाणी गाव वाढले ते नदीमुळे. एकोणिसाव्या शतकात आसपासची लोकर बर्कला येई आणि आगबोटींतून नदीमार्गे बाहेर जाई. १८८३ साली बांधलेला पूल अजून उभा आहे. आगबोट आली, की त्याचा मधला भाग वर उचलत असत. १८८५ मध्ये रेल्वेही आली.

पण नदीचा भरवसा नव्हता. पाणी आटले, की बोटी जागच्या जागी अडकून पडत. शिवाय आडरानातील मेंढपाळांच्या वस्त्यांपर्यंत ना बोट पोहोचे, ना रेल्वे. तेथे उंटांचे तांडे चालत. पीठ, चहा, अवजारे घेऊन जायचे आणि लोकरीचे गठ्ठे घेऊन परतायचे. उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. खरे तर त्यांत बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबातले लोकही होते. पुढे मोटारी आल्या आणि त्यांचे काम गेले. काहीजण मायदेशी परतलेच नाहीत. बर्कच्या कब्रस्तानात त्यांच्या कबरी आहेत आणि जवळच पत्र्याची लहानशी मशीद आहे. ना मिनार, ना घुमट. तरी मला गावातील सर्वांत मोलाची वास्तू हीच वाटते. गरिबांच्या डोळ्यांवर उपचार करणारे डॉक्टर फ्रेड हॉलोज यांनाही १९९३ मध्ये, त्यांच्या इच्छेप्रमाणे, याच कब्रस्तानात दफन केले.

गावाच्या दक्षिणेला गुंडाबूका राष्ट्रीय उद्यान आहे. सपाट मुलखात मध्येच सुमारे ५०० मीटर उंचीचा डोंगर दिसतो. संध्याकाळच्या उन्हात त्याचे कडे लालभडक होतात. पायथ्याच्या रानात कांगारू आणि एमू हिंडतात. तेथील खडकांवर आदिवासींनी माणसांची व प्राण्यांची चित्रे काढलेली आहेत.

पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर ब्रेवारिना गाव लागते. हीच नदी तेथे बारवन या नावाने ओळखली जाते. न्गेम्बा आदिवासींनी तिच्या पात्रात दगडांचे बांध रचून जणू मासे कोंडण्याचे वाडेच तयार केले आहेत. मासे आत शिरले, की दगड लावून तोंड बंद करायचे. चुना नाही, सिमेंट नाही. तरीही हे बांध नदीचे पूर सोसत राहिले.

मात्र त्यांना पाणी हवे. २०१९ च्या सुमारास दुष्काळात डार्लिंगचा प्रवाहच थांबला. पात्रात ठिकठिकाणी डबकी उरली. वरच्या भागात कापसासाठी नदीचे किती पाणी घ्यावे, यावरून तेथे आजही वाद आहे. मग २०२२ मध्ये मोठा पूर आला. बर्कभोवती मातीचा उंच बांध आहे. त्याच्या बाहेर तेव्हा जिकडे पाहावे तिकडे गढूळ पाणीच होते.